धातु-कार्बनी धन-आयनांवरील न्यूक्लिओफाइलचे समावेशन: वेगाच्या अंदाजासाठी कोणता आधार घ्यावा?

ट्रायकार्बोनिल सायक्लोहेक्झाडायेनिल आयर्नसारख्या धन-आयनावर फॉस्फीन, अमाइन किंवा पिरिडीन यांसारखा न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन बंध जोडणारा रेणू) किती वेगाने जोडला जाईल, याचा अंदाज प्रयोगाआधी हवा असेल, तर तीन आधार पुढे येतात: रिची यांचे १९७२ चे समीकरण, मायर आणि पाट्झ यांचे १९९४ चे समीकरण आणि डेव्हिस, ग्रीन व मिंगोस यांचे १९७८ चे नियम.

यांपैकी नियमांना वेगासाठी हाताशी धरू नये. धातूभोवती अठरा बाह्य इलेक्ट्रॉन असलेल्या धन-आयनात न्यूक्लिओफाइलचा हल्ला कोठे होईल, एवढेच ते सांगतात. सायक्लोपेंटाडायेनिल बेंझीन आयर्न या धन-आयनात तो बेंझीनच्या कड्यावर होतो, हे त्यांतून अचूक निघते. पण त्याला सेकंद लागेल की दिवस, हे कळत नाही.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. रिची यांच्या समीकरणात वेग-स्थिरांकाचा लॉगॅरिदम हा धन-आयनाचा एक आकडा आणि न्यूक्लिओफाइलचा (द्रावकासह) दुसरा आकडा यांची बेरीज असतो. म्हणजे दोन न्यूक्लिओफाइलच्या वेगांचे गुणोत्तर सर्व धन-आयनांसाठी सारखेच धरले जाते. मायर यांनी त्यात न्यूक्लिओफाइलची संवेदनशीलता ‘एस’ घातली: २० अंश सेल्सिअसला लॉग के = एस (एन + ई); यात ‘के’ वेग-स्थिरांक, ‘एन’ न्यूक्लिओफाइलची तीव्रता आणि ‘ई’ धन-आयनाची. दोन न्यूक्लिओफाइलचे एस सारखे असले, की या समीकरणातूनही ते गुणोत्तर ‘ई’वर अवलंबून राहत नाही. म्हणूनच फॉस्फीनसारख्या एकाच कुटुंबात रिची यांचे साधे समीकरण इतके चांगले चालते, आणि कुटुंब ओलांडून तुलना करायची झाली की ते अपुरे पडते.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. ट्रायकार्बोनिल सायक्लोहेक्झाडायेनिल आयर्न धन-आयनाचा ई सुमारे −७.८ आहे, तर डायक्लोरोमिथेनमध्ये ट्रायफेनिलफॉस्फीनचा एन १४.३३ आणि एस ०.६५ आहे. यावरून वेग-स्थिरांक सुमारे २०,००० लिटर प्रति मोल प्रति सेकंद येतो. फॉस्फीन एक मिलिमोलर आणि धन-आयन त्याहून बराच कमी ठेवला, तर अर्धायुष्य सुमारे ३५ मिलिसेकंद होते. ही अभिक्रिया स्टॉप्ड-फ्लो उपकरणावरच (दोन द्रावणे क्षणात मिसळून लगेच मोजणी करणाऱ्या) मोजता येईल, साध्या स्पेक्ट्रोमीटरवर नाही, हे एवढ्या गणितातून आधीच ठरते. मात्र मायर यांच्या अंदाजात दहा ते शंभर पटींची चूक संभवते, त्यामुळे उपकरण निवडायला तो पुरेसा असला, तरी दोन जवळच्या न्यूक्लिओफाइलचा क्रम लावायला नाही.

माझे मत स्पष्ट आहे: अनोळखी जोडीसाठी मायर, आणि एकाच द्रावकात, एकाच कुटुंबातील न्यूक्लिओफाइल घेऊन नव्या धन-आयनावर काम करायचे असेल, तर एक वेग नीट मोजून बाकीचे रिची यांच्या पद्धतीने काढावेत.

दोन्ही समीकरणे फक्त पुढे जाणाऱ्या पायरीविषयी बोलतात. जादा न्यूक्लिओफाइलच्या संहतीविरुद्ध निरीक्षित वेगाचा आलेख सरळ रेषेत येऊनही आरंभबिंदूतून जात नसेल, तर त्याचा आंतरछेद बहुधा उलट अभिक्रियेचा वेग असतो. अमाइनच्या बाबतीत रेषा वर वळत असेल, तर अमाइनचा दुसरा रेणू जोडल्या गेलेल्या रेणूवरील प्रोटॉन काढून घेत असावा. अशा वेळी फक्त पुढे जाणाऱ्या पायरीचा स्थिरांक वेगळा काढून तोच मायर यांच्या आकड्याशी ताडून पाहावा.