लिनक्सवर दोन मॉनिटर: एक्स-११ ठेवावं की वेलँडवर जावं?

लिनक्समध्ये खिडक्या पडद्यावर दाखवण्याचं काम एक्स-११ ही जुनी किंवा वेलँड ही नवी व्यवस्था करते. डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन चौकोन ओढून कोण डावीकडे, कोण उजवीकडे हे ठरवणं आता दोन्हींत सारखंच सोपं आहे. तुमचे दोन्ही मॉनिटर एकाच मापाचे, एकाच रिझोल्यूशनचे असतील तर एक्स-११ खुशाल चालू ठेवा. अडचण येते ती जोडी विजोड असली की. आणि बहुतेकांची तशीच असते, नवा घेतला म्हणून जुना टाकून देववत नाही.

माझा नवा २७ इंची फोर-के, जुना २४ इंची फुल एचडी. नव्यावर इंचाला साधारण १६३ पिक्सेल, जुन्यावर ९२. एक्स-११ हे १९८७ सालचं. ते दोन्ही मॉनिटर मिळून एकच मोठा पडदा मानतं आणि स्केलिंगही, म्हणजे अक्षरं-मेनू किती मोठे दाखवायचे तेही, सहसा अख्ख्या पडद्याला एकच. २०० टक्के ठेवलं तर जुन्यावरचे मेनू अवाढव्य, १०० टक्के ठेवलं तर नव्यावर डोळे बारीक करून वाचायचं. एक्सरँडआर या मॉनिटर मांडणाऱ्या कमांडच्या स्केल पर्यायाने तोडगा निघतो: जुन्या मॉनिटरसाठी चित्र दुप्पट मोठं काढायचं आणि आकसून दाखवायचं. मापं जुळतात, पण अक्षरं मऊ पडतात. देवनागरीत तर फारच. शिरोरेघ करडी होऊन पसरते, आणि 'त' वरचा ठिपका अनुस्वार आहे की काचेवरची धूळ, हे बोट फिरवून बघावं लागतं. दिवसभर मजकूर वाचणाऱ्याला हे झेपत नाही. निदान मला तरी नाही झेपलं.

वेलँडमध्ये प्रत्येक मॉनिटरचं स्केलिंग वेगळं. इकडे १५०, तिकडे १००. खिडकी ओढून पलीकडे नेली की ती तिथल्या मापाने पुन्हा रेखली जाते. १५० सारख्या अधल्यामधल्या आकड्यांसाठीचा प्रोटोकॉल २०२२ च्या अखेरीस आला, त्यामुळे फार जुनी आवृत्ती असेल तर अनुभव वेगळा येऊ शकतो. एक १४४ हर्ट्झ आणि एक ६० अशी जोडीही इथे मला जास्त सुरळीत वाटली.

एक्स-११ची एक गोष्ट मात्र अजून खटकते, म्हणजे ती वेलँडमध्ये नाही म्हणून खटकते. वेलँडमध्ये प्रोग्रॅमला आपली खिडकी नेमकी कुठे उघडायची हे सांगता येत नाही. चार-पाच खिडक्या पसरून काम करायची सवय असेल तर त्या रोज हाताने मांडाव्या लागण्याची तयारी ठेवा. एक्सडूटूलवर (माउस-कीबोर्ड आणि खिडक्या आपोआप हलवणारं एक्स-११चं साधन) बेतलेल्या स्क्रिप्ट असतील तर घाई करू नका. अर्थात वारा वेलँडच्याच दिशेने आहे. लिनक्सच्या दोन मोठ्या डेस्कटॉपपैकी २०२४ च्या प्लाझ्मा ६ मध्ये वेलँड डीफॉल्ट झालं आणि २०२५ मध्ये ग्नोम ४९ ने एक्स-११ सेशन मुळातच बंद करून ठेवलं.

लॉगिनच्या पडद्यावर दोन्ही सेशन दिसत असतील तर आधी वेलँडमध्ये शिरून एक्सआयज हा माउसकडे बघणाऱ्या दोन डोळ्यांचा छोटा प्रोग्रॅम चालवा आणि माउस आपल्या नेहमीच्या प्रोग्रॅमवर फिरवा. डोळे माउसमागे फिरले तर तो प्रोग्रॅम अजून एक्सवेलँडमधून (एक्स-११चे प्रोग्रॅम वेलँडवर चालवणारा दुवा) चालतोय, म्हणजे तिथली अक्षरं धूसर दिसू शकतात. डोळे थिजले तर त्या प्रोग्रॅमपुरती काळजी नाही.