आंबोली की चिखलदरा? कॅमेरा घेऊन निघण्याआधी

वन्यजीवांचे फोटो काढायचेत आणि मुक्काम थंड हवेच्या ठिकाणी हवाय, असं म्हटलं की महाराष्ट्रात दोन नावं हटकून निघतात: सिंधुदुर्गातली आंबोली आणि अमरावती जिल्ह्यातला चिखलदरा. दोन्हीकडे डोंगर आणि जंगल असलं तरी हंगाम, लेन्स आणि समोर येणारे प्राणी यांत काहीच सारखं नाही.

आंबोली पावसाळ्यातच गाठावी. सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या या घाटमाथ्यावर पाऊस धो-धो कोसळतो आणि रात्री जंगल जागं होतं. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर मलबारी उडणाऱ्या बेडकाची फेसाची घरटी लटकलेली दिसतात. पिल्लं त्यातून थेट खालच्या पाण्यात पडतात. २००९ साली शास्त्रीय नाव मिळालेला आंबोली टोड पहिल्या पावसांत जांभ्याच्या कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो, त्यामुळे त्याच्यासाठी जूनच गाठायला हवा. मलबारी चापडा हा साप हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा कितीतरी रंगांत दिसतो आणि एकाच फांदीवर तासन्‌तास हलत नाही.

हे न हलणं नवख्या माणसासाठी मोलाचं आहे. चुकलेला फोकस, फ्लॅशने पांढराफटक झालेला फोटो, वाकडी चौकट, सगळं जागच्या जागी सुधारता येतं. अगदी जवळून फोटो काढणारी ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, उजेड मऊ करणारा डिफ्यूजर लावलेला फ्लॅश आणि चांगली विजेरी एवढ्यावर काम होतं. चापडा विषारी आहे, त्यामुळे अंतर राखायला लांब फोकल लेंग्थ बरी. कॅमेऱ्याला रेनकव्हर हवंच, बॅगेत ओल शोषणारं सिलिका जेलही टाका.

रात्रीची भटकंती स्थानिक जाणकाराबरोबरच करा. मात्र चांगल्या फोटोसाठी कुणी बेडूक उचलून पानावर ठेवू लागलं, तर स्पष्ट नाही म्हणा. बेडकाची त्वचा ओलसर आणि नाजूक असते; हाताला लावलेलं डासांचं मलमही तिला बाधतं. दोन-चार फ्लॅश झाले की पुढे निघावं. शनिवार-रविवारी धबधब्यावर तोबा गर्दी असते, म्हणून आठवड्याच्या मधले दिवस निवडलेले बरे.

चिखलदऱ्याचं गणित उलटं. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, सुमारे ११०० मीटरवर वसलेलं हे गाव मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. इथे यायचं ते हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात. सागाची पानं गळली की जंगल आतपर्यंत दिसू लागतं आणि उन्हाळ्यात जनावरं पाणवठ्यांकडे वळतात. पावसात दऱ्या देखण्या होतात, पण हिरव्या गचपणात जनावर दिसत नाही.

गवा, सांबर, भेकर, नशीब असेल तर अस्वल. वाघाच्या फोटोसाठी मात्र मेळघाट निवडू नका. डोंगराळ, दाट जंगलात तो आहे, पण दर्शन दुर्मीळ. त्यासाठी ताडोबा बरा. मेळघाटची खरी ओढ रानपिंगळ्याची. १८८४ नंतर शतकभर हा पक्षी पक्का कुणाला सापडला नव्हता. १९९७ साली तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि पुढे मेळघाटातही आढळला. घुबड असून तो दिवसा वावरतो, म्हणजे नैसर्गिक उजेडात टिपता येतो. त्याला बोलावण्यासाठी मोबाइलवर आवाज वाजवणं मात्र पूर्णपणे टाळा. इतक्या कमी उरलेल्या पक्ष्याला आपल्या एका फोटोसाठी त्रास देणं मला तरी मान्य नाही.

इथे किमान ४०० मिलिमीटरची लेन्स लागते. सफारीच्या जिप्सीत ट्रायपॉड अडचणीचा होतो, लेन्स टेकवायची बीन बॅग कामी येते. काळ्या गव्याने चौकट भरली की कॅमेरा फोटो नको तितका उजळ करतो. एक्स्पोजर थोडं खाली आणा. धुळीत लेन्स बदलू नका. आणि संधी येते ती काही सेकंदांची, त्यामुळे सेटिंग आधीच लावून ठेवावी लागतात.

म्हणून पहिलीच वेळ असेल किंवा लांब लेन्स नसेल, तर माझं मत निःसंशय आंबोलीला. हात बसलाय, पक्ष्यांची आवड आहे आणि रिकाम्या फेऱ्यांनी मन खट्टू होत नाही, तर चिखलदरा. सोबत लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील तरीही चिखलदराच सोयीचा, कारण तिथे गाडीत बसून जंगल पाहता येतं. आंबोलीत रात्री निसरड्या वाटांवर पायी फिरावं लागतं. सफारीच्या वेळा आणि कॅमेऱ्याबाबतचे नियम बुकिंग करतानाच विचारून घ्या.