पर्यायी महायुद्ध लिहायचंय: स्पेन घ्यावं की तुर्कस्तान?

दिवाळी अंकासाठी ‘असं झालं असतं तर’ टाईप युद्धकथा लिहायची आणि एखादा तटस्थ देश जर्मनीच्या बाजूने उतरवायचा म्हटलं की गाडी बहुतेक या दोन नावांवर येते. मी दोन्ही घेऊन लिहिलंय, म्हणून जे जाणवलं ते सांगतो.

स्पेनमध्ये नाट्य तयारच मिळतं. २३ ऑक्टोबर १९४०, फ्रान्स-स्पेन सरहद्दीवरचं हेंदायेचं स्टेशन, हिटलर आणि स्पेनचा हुकूमशहा फ्रँको समोरासमोर, डोळ्यापुढे जिब्राल्टर, म्हणजे स्पेनच्या दक्षिण टोकाचा ब्रिटिशांचा नाविक तळ. फ्रँकोला फ्रेंचांचा मोरोक्को हवा होता, तो देऊन टाकला की काम झालं असं वाटतं. पण होत नाही, कारण गहू. यादवी नुकती संपलेली, लोक अर्धपोटी, धान्य येणार समुद्रापलीकडून आणि समुद्रावर ब्रिटिश नौदल, म्हणजे युद्ध पुकारलं की गव्हाची बोट बंद. बरं जर्मनीने पाठवायचं ठरवलं तरी स्पेनचे रूळ फ्रान्सपेक्षा रुंद, सरहद्दीवर एकेक पोतं या वाघिणीतून काढून त्या वाघिणीत भरायचं. माझं प्रत्येक प्रकरण तिथेच अडायचं, जिब्राल्टरवर तोफा डागायच्या आधी माद्रिदच्या पावाची सोय लावत बसायचं आणि लावलेली सोय पटायचीच नाही. वाचकाला कदाचित खटकणारही नाही, पण मला तेच सहन होईना.

तुर्कस्तानलाही अडचणी आहेत, नाही असं नाही. १९३९ चा ब्रिटन-फ्रान्सशी केलेला करार आडवा येतो, राष्ट्राध्यक्ष इनोनू अतिशय सावध माणूस, आणि युरोप-आशियाच्या मधल्या बॉस्फरस सामुद्रधुनीवर तेव्हा पूल नाही. पण बाजू बदलायचं कारण ओढूनताणून आणावं लागत नाही. नोव्हेंबर १९४० मध्ये रशियाचा परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह याने बर्लिनला जाऊन या सामुद्रधुनीचा विषय काढला आणि त्याच महिन्यात मॉस्कोने जर्मनीकडे तिच्याजवळ लष्करी तळ मागितला होता, रशियाची ती धास्ती पुरेशी आहे. पुढचे धागे आपसूक जुळतात, एप्रिल १९४१ मध्ये इराकची राजधानी बगदादला जर्मनीकडे झुकलेल्या रशीद अलीचं बंड, त्याच महिन्यात इराकच्या बसरा बंदरात उतरलेली भारतीय फौज, आणि तुर्कस्तानातून बगदादला जाणारी रेल्वे आदल्याच वर्षी पूर्ण झालेली. आपल्या वाचकाला बसऱ्यातून कथेत शिरणं सोपंही जातं, तिथले जवान आपल्याकडचेच.

निव्वळ नौदलाची कथा हवी असेल तर स्पेनच बरं पडेल. बाकी मी तुर्कस्तान घेईन, आणि सुरुवात मार्च १९४१ पासून करेन, जर्मन फौज तुर्कस्तानच्या शेजारच्या बल्गेरियात शिरते तिथून.