अक्रात ढोल घ्यायचा तर क्पानलोगो घ्या

घानातून परतणारी आपली मंडळी हमखास जेंबे नावाचा ढोल घेऊन येतात. वाद्य झकासच आहे, पण ते माली-गिनीकडच्या मांदिंका लोकांचं. गिनीच्या ‘ले बाले आफ्रिकें’ पथकाने 1950च्या दशकात ते जगभर नेलं आणि आता घानाची राजधानी अक्रातले दुकानदारही पर्यटक दिसला की आधी जेंबेच पुढे करतात. मी नोकरीनिमित्त अक्राजवळच्या तेमाला राहते, तबला-ढोलकी वाजवते. मला अक्रातल्या स्थानिक गा लोकांचा ढोल, म्हणजे क्पानलोगो, हवा होता.

तो मिळाला ते दुकान एका हस्तकला बाजारात, गल्लीच्या पार टोकाला आहे. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. दर्शनी भागात लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचे जेंबे मांडलेत. त्यातल्या एकाचा रंग नखाने खरवडला तर खाली भुसा आणि डिंक भरून बुजवलेली भेग निघाली. मालक हसला आणि तो ढोल मागे सरकवला. खरा माल मागच्या पडवीत. तिथे एक आजोबा ट्वेनेबोआचं खोड आतून पोखरत बसले होते. हे लाकूड हलकं आणि आवाजाला गोल. घानातल्याच असांते राजांच्या दरबारातली अतुम्पान ढोलांची जोडीही याचीच करतात. तिच्यातला एक ढोल उंच सुराचा, एक खालच्या, आणि दोघांवर मिळून ट्वी भाषेतली वाक्यं वाजवतात. ती अर्थातच विकत घेऊन दिवाणखान्यात ठेवायची गोष्ट नव्हे.

क्पानलोगोचं कातडं सहा खुंट्यांवर ताणलेलं असतं. खुंटी आत ठोकली की सूर चढतो. मी तबल्याची हातोडी घेऊनच गेले होते. आजोबांनी ती निरखून परत केली आणि लाकडाच्या ठोकळ्याने खुंट्या बसवून दाखवल्या. वाजवताना स्टुलावर बसून ढोल किंचित कलता धरायचा, खालचं तोंड जमिनीवर टेकू द्यायचं नाही. नाहीतर खर्ज आतच कोंडतो.

सोबत लोखंडी घंटाही घ्या, तिच्याशिवाय मजा नाही. 16 मात्रांत पाच ठोके: 1, 4, 7, 11 आणि 13. आपल्या तीनतालाच्या टाळ्या 1, 5, 13 वर. सम जुळते, तेरावी जुळते, आणि मधल्या मधे हात असा काही गोंधळतो की विचारू नका. क्पानलोगोचं हे संगीत फार जुनं नाही. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला अक्रातल्या तरुणांनी जुन्या नाचांमधून ते उभं केलं, आणि कमरेच्या हालचाली पाहून वडीलधाऱ्यांनी नाकं मुरडली. आज तेच गा लोकांचं भूषण आहे.

आता तक्रार. माझ्या ढोलाच्या दोन खुंट्या आधीच मुळापर्यंत ठोकलेल्या होत्या. पावसाळ्यात कातडं सैलावलं तेव्हा ताणायला जागाच उरली नाही. ‘उद्या या’ ऐकत चकरा मारल्या, शेवटी आजोबांनीच नव्या खुंट्या तासून दिल्या, पैसे न घेता. त्यामुळे कारागिराला पैकीच्या पैकी, मालकाला जेमतेम पास. किंमत मात्र घासाघीस करून निम्म्यावर येते, लाजू नका.

मे-जूनच्या सुमारास येणार असाल तर आधी चौकशी करा. गा लोकांच्या होमोवो या सुगीच्या सणाआधी, मक्याची धार्मिक पेरणी झाली की पीक वाढेपर्यंत शांतता हवी म्हणून गा पुजारी आणि परंपरागत परिषद महिनाभर शहरात ढोल वाजवायला बंदी घालतात. बंदी नावापुरती नाही. प्रार्थनेत ढोल वाजवणाऱ्या चर्चशी यावरून हाणामाऱ्याही झाल्या आहेत. ढोल वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नये, म्हणून ते दिवस टाळलेलेच बरे.

पडवीत गोमे नावाचा एक ढोलही होता: चौकोनी, पेटीएवढा, वर बसून वाजवायचा. फर्नांदो पो (आजचं बिओको) बेटावर कामाला गेलेल्या गा मजुरांनी तो इकडे आणला. कातड्यावर टाच दाबून सूर वरखाली करतात, डग्ग्यावर आपण मनगट घासतो तसा. माझा जीव त्याच्यावर जडलाय, पण विमानाच्या सामानात तो बसणं कठीण. कोणी जहाजाने नेला असेल तर खर्च किती आला ते जरूर कळवा.