सर्पदंश उपचार मार्गदर्शिका: किनारपट्टीवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला वापरानंतरचा अनुभव

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळसड्यांवर फुरसे या विषारी सापाचा वावर मोठा असल्यामुळे भातलावणीपासून गवतकापणीपर्यंत ‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, म्हणून येणारे रुग्ण आमच्या केंद्राला नवे नाहीत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची सर्पदंशावरील प्रमाणित उपचार मार्गदर्शिका आम्ही गेला पावसाळा आणि त्यानंतरचा आंब्याचा हंगाम सतत हाताशी ठेवली.

तिचा खरा उपयोग होतो तो वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीमुळे. शिरेतून काढलेले थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदाच कलती करायची. रक्त पातळच राहिले, तर विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडवली आहे असे धरून प्रतिविष सुरू करायचे. फुरसे चावलेला माणूस पहिल्या तासात बाकावर बसून गप्पाही मारत असतो, त्यामुळे प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी या नळीइतका भरवशाचा दुसरा आधार नाही. मात्र नळी काचेचीच हवी. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही वेळेत गोठेल याची खात्री नसते, आणि पुरवठ्यात येतात त्या बहुधा प्लास्टिकच्याच. आम्ही नव्या काचेच्या नळ्यांचा डबा वेगळा ठेवला आणि प्रत्येक नळीवर चिकटपट्टी लावून रक्त घेतल्याची वेळ लिहू लागलो. रात्रपाळीच्या सिस्टरना अंदाजाने वेळ मोजावा लागत नाही.

प्रतिविषाच्या मात्रेबाबत मार्गदर्शिका निःसंदिग्ध आहे. मूल असो वा मोठे माणूस, मात्रा तीच, कारण साप चावताना वजन पाहून विष सोडत नाही. सुरुवातीच्या 10 कुप्या पाहून पालक घाबरतात, तेव्हा हेच कारण त्यांना पटते. त्वचेवर आधी चाचणी घ्यायची नाही, पण प्रतिविषाची तीव्र अ‍ॅलर्जी उठलीच तर द्यायला अ‍ॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून तयार ठेवायचे, ही शिस्तही उत्तम. कुपीतली पूड विरघळताना घाईने हलवली की फेस होतो, म्हणून कुपी हलकेच फिरवावी लागते. दहा कुप्यांना दोन माणसे लागतात, आणि रात्री ती असतातच असे नाही.

उणिवांपैकी काही मार्गदर्शिकेच्या नव्हेत. भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतून चापडा चावलेला रुग्ण आला, तर त्याचा उपयोग होत नाही. रुग्ण पुढे पाठवण्याचा भाग मात्र मला तोकडा वाटला. नागाच्या दंशात पापण्या जड होऊ लागल्या की निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिन द्यायचे, श्वास अपुरा पडला तर हाताने दाबायच्या पिशवीने द्यायचा, हे सारे बरोबर. पण घाट चढून कोल्हापूर गाठेपर्यंत पिशवी दाबत कोण बसणार आणि तोवर केंद्र कोण सांभाळणार, हा हिशेब ज्याचा त्यानेच करायचा. शिवाय आमच्या हातातला मजकूर इंग्रजीत आहे, आणि रुग्णाजवळ सर्वांत आधी पोहोचते ती आशाताई. तिच्यासाठी आम्ही मराठीत एक पानी तक्ता केला. त्यात वरचे स्थान सुतळीने आवळलेल्या पायाला दिले आहे: ती वाटेत सोडू नये, कारण अडलेले विष एकदम अंगात पसरू शकते; केंद्रात आल्यावर डॉक्टरांच्या देखतच ती सोडावी.