टॅमरॉनची १५०-५०० मिमी लेन्स सोनी ए७ फोर कॅमेऱ्यावर, पावसाळा ते उन्हाळा वापरून

बर्डिंगवाले (पक्ष्यांचे फोटो काढणारे) सगळेच विचारतायत ही घेऊ की सोनीच्याच २००-६०० लेन्ससाठी थांबू, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वजन. ट्रायपॉडला लावायच्या पायाशिवाय १७२५ ग्रॅम, सोनीची २११५. पण खरा फरक लांबीत, ही मिटलेली असताना २१ सेंमी आणि ती जवळजवळ ३२, म्हणजे ही नेहमीच्या सॅकमध्ये बसते आणि एसटीत मांडीवर घेऊन झोपताही येतं. अर्थात झूम केली की नळी बाहेर येते, कडबनवाडीच्या माळावर मे महिन्यात सतत धूळ पुसत बसायचं. झूम रिंग पुढे सरकवली की हवी तिथे लॉक होते, हे भारी आहे, उलटी टांगून चाललं तरी घसरत नाही.

फोकस झकास. भिगवणला होडीतून सुरय पाण्यात सूर मारताना व्हीसी (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) मोड २ वर ठेवून पॅन केलं, म्हणजे पक्ष्यामागे लेन्स फिरवली, होडी हलतेय, नावाडीकाका गप्पा मारतायत, तरी पक्ष्याच्या डोळ्यावरचा फोकसचा चौकोन सुटला नाही. आणि १५० ला ६० सेंमीवरून फोकस होतो राव! पक्षी नसले की चतुर आणि फुलपाखरं, मॅक्रो घरी ठेवली तरी चालते. उजेड कमी झाला की मात्र ५०० ला एफ/६.७ नडतं (लेन्स तेवढीच उघडते), पहाटे वडाखाली आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० च्या पुढेच जातो. पण सोनीचीही ६०० ला ६.३ च आहे, त्यामुळे त्यावरून फार रडू नका.

आता माउंटचं, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या जोडाचं. सोनीनं २०११ मध्ये आपल्या ई-माउंटची बेसिक माहिती लेन्सवाल्यांना फुकट द्यायची ठरवली म्हणून हे सगळं एवढं सुरळीत चालतं, पण सगळी दारं उघडलेली नाहीत. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा मधला तुकडा) हिला बसत नाही, विषय संपला. काच जमत नाही म्हणून असेल असं वाटत असेल तर सिग्माची १५०-६०० बघा, एल-माउंटवर (पॅनासोनिक, लायका वगैरेंच्या) तिला कन्व्हर्टर बसतो आणि तीच लेन्स ई-माउंटवर घेतली की नाही! दुसरं म्हणजे बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो) सेकंदाला १५ फ्रेमवर अडतो. माझी बॉडीच १० ची, मला काय फरक पडतो. पण उद्या ए९ थ्री घ्यायचा विचार असेल, ती १२० मारते, तर पैसे बॉडीत घालून लेन्सपाशी अडकाल, मग सरळ सोनीचीच घ्या.

तरी आपलं बरंय म्हणायचं. कॅननवाल्यांना त्यांच्या आरएफ माउंटमध्ये २०२४ च्या एप्रिलमध्ये कुठे सिग्मा-टॅमरॉनच्या परवानावाल्या लेन्स जाहीर झाल्या, त्याही एपीएस-सी म्हणजे लहान सेन्सरच्या, आपल्या कामाची लांब टेली त्यात एकही नाही. त्याआधी २०२२ मध्ये व्हिलट्रॉक्स या चिनी लेन्स कंपनीला आरएफच्या ऑटोफोकस लेन्स विकणं थांबवावं लागलं होतं. जुन्या ईएफ माउंटची टेली ॲडॅप्टरवर लावणं हा त्यांचा एक स्वस्त मार्ग. निकॉनवाल्यांना हीच १५०-५०० २०२३ मध्ये मिळाली, पण त्याच वर्षी निकॉनची स्वतःची १८०-६०० पण आली, ती झूम करताना न वाढणारी, मग मी निकॉनच्या झेड माउंटवर असतो तर तीच घेतली असती.

सेकंडहँड घेताना माउंट नीट विचारा, ई आणि झेड दोन्ही फिरतायत आणि नंतर बदलून मिळत नाही. सोनी व्हर्जनला यूएसबी पोर्ट नाही, फर्मवेअर कॅमेऱ्यातूनच टाकायचं, तेव्हा बॅटरी फुल ठेवा.