ओझ्याची सायकल, दोन पावसाळ्यांनंतर

माझी छोटी रोपवाटिका गोव्यात अस्नोड्याला आहे आणि दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मी रोपं विकायला बसतो. मिरची, वांगी, अबोली, जास्वंद. मातीसकट एक पिशवी दोन किलोला जाते, म्हणजे चाळीस पिशव्यांचे ऐंशी किलो. टेम्पोचं भाडं परवडेना आणि रिक्षावाले चिखल बघून तोंड फिरवायचे. शेवटी एका जुन्या रेंजर सायकलचा मागचा अर्धा भाग घेऊन, पुढे वीस इंची चाक आणि मधे खोका, अशी लांबलचक सायकल करून घेतली. डेन्मार्कात 1920च्या दशकापासून अशा सायकली चालतात, त्यांना लाँग जॉन म्हणतात. आमच्या गावात तिला ‘होडी’ म्हणतात.

सांगाडा इथल्याच वेल्डिंगवाल्याने साध्या लोखंडी पाइपचा केला. जड झाला, पण तुटला तर कोणीही जोडून देईल. पाइपांना सगळ्यात खालच्या जागी बारीक भोकं मात्र पाडून घ्या. आत पाणी साचलं की पाइप आतून खातो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत झकास दिसत राहतो.

आता मागचं चाक. पहिलं मी एका दुकानातून तयार आणलं होतं. डबल वॉलची (दुहेरी भिंतीची) अ‍ॅल्युमिनियम रिम, 36 आरे, चकचकीत. तिसऱ्या आठवड्यात थिवीं स्टेशनच्या अलीकडे टण्णकन आवाज आला आणि एक आरा गेला. मग दर फेरीला एक. सात तुटल्यावर दुकानात गेलो, तर मालक म्हणतो, “तुम्ही ओझं जास्त घालता.” अहो, ओझ्यासाठीच केलीय ना!

खरी गोष्ट अशी की आरा बहुधा एका दणक्यात तुटत नाही. चाक फिरताना जमिनीजवळ आलेल्या आऱ्याचा ताण कमी होतो, वर गेला की परत येतो. मुळात आरा सैल बसवलेला असला तर तो दर फेरीला पार ढिला पडून हिसका खातो आणि हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, जिथे त्याला कोपरा आहे तिथे थकून मोडतो. माझे सातही तिथेच मोडले होते.

म्हापशातल्या एका वयस्क मेस्ताकडे, म्हणजे सायकलच्या मिस्त्रीकडे, चाक नेलं. त्याने काही न बोलता आरे बोटाने छेडले. मी भजनात पेटी वाजवतो, त्यामुळे मलाच ऐकवेना. एक आरा वर, शेजारचा तीन सूर खाली आणि दोन तर नुसते खुळखुळले. “बाब, हें चाक न्हय, हें घुमट,” मेस्त म्हणाला. (हे चाक नव्हे, घुमट, म्हणजे आमच्याकडचं मातीचं तालवाद्य.) त्याने 13 गेजचे, म्हणजे जरा जाड, आरे घेतले, तीन क्रॉसमध्ये (प्रत्येक आरा दुसऱ्या तिघांना ओलांडेल असे) विणले, चाक सरळ केलं आणि मग समोरासमोरचे आरे जोडीजोडीने मुठीत धरून असे आवळले की चाक कटकट बोलायला लागलं. त्याने आऱ्यांचा उरलासुरला पीळ जातो आणि कोपरे जागेवर बसतात. मग परत आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढला. दोन दुपारी गेल्या त्यात. शेवटी एका बाजूचे सगळे आरे जवळपास एका सुरात वाजले. त्यानंतर दोन पावसाळे गेले, आरा एकही तुटलेला नाही. मजुरी त्याने मागितली त्यापेक्षा मी जास्त दिली आणि तरी ती कमीच वाटते.

त्याच चाकात शिमानो नेक्सस, तीन गिअरचा हब आहे. चेन एका दातचक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा, बाहेर लटकणारा डिरेलर आमच्या तांबड्या चिखलात टिकेल असं मला वाटत नाही. हबमध्ये सगळं आत बंद असतं आणि सायकल उभी असतानाही गिअर बदलतो. पुढच्या दातचक्राला 38 दात, मागच्याला 22. पहिल्या गिअरात पायडलाच्या एका फेरीत सायकल अडीच मीटरच सरकते. (जुनी 44-18 दातांची डबल बार सायकल साडेपाच मीटर जायची.) करासवाड्याचा चढ मी मुंगीच्या चालीने चढतो, पण उतरून ढकलत नाही.

तो चढ संपला की म्हापशाकडे उतार, आणि तिथे ब्रेक. ओल्या रिमवर रबर घसरतं, वर चिखलातली वाळू रिमला पॉलिश पेपरसारखी घासते. म्हणून पुढे स्टर्मे-आर्चरचा 90 मिलिमीटरचा, हबच्या आत बंद असलेला ड्रम ब्रेक घातला. बोटीवर असलेल्या भाच्याने तो बाहेरून आणला. पाऊस असो वा ऊन, पकड तीच. सुरुवातीला मऊ लागतो, नीट बसायला थोडे दिवस जातात. एकदा मी शहाणपणा करून एक्सलवर तेल ओतलं, ते आत ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तरावर गेलं आणि तो शुक्रवार मी पाय घासत उतरलो.

टायर पुढे श्वाल्बे मॅरेथॉन प्लस, आत 5 मिलिमीटरचा रबराचा थर असलेला. दोन वर्षांत एक पंक्चर. बसवताना टायर चढवायचे दोन लिव्हर मोडले, तो हिशेब वेगळा. मागे साधा देशी टायर आहे, एकदा बदलला, तक्रार नाही.

कॉटर पिनवाले (खिळीने अडकवलेले) क्रँक, म्हणजे पायडलाचे दांडे, घेऊ नका. पिन घासली की पाय ठेचकाळतो. त्यांच्या मधल्या एक्सलला बंद कार्ट्रिज बेअरिंग घेतलं, छर्रे मोजत बसण्यातून सुटलो. चेन मी ताणून पट्टीने मोजतो: बारा इंचांच्या जागी एक-अष्टमांश इंच वाढली की दातही गेलेच समजा, त्याच्या निम्म्यावरच बदलायची. खोक्याला स्टेनलेसचे बोल्ट चालतात, पण स्टिअरिंगच्या दांड्याला डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा आकडा छापलेलेच घाला.

हॉर्न पदेराकडे (पाववाल्याकडे) असतो तसाच रबरी घेतला, आणि तिथे मात्र चुकलो. सकाळी थिवींतून जाताना वाजवला की बायका पिशव्या घेऊन पाव घ्यायला बाहेर येतात आणि मिरचीची रोपं बघून परत जातात. एक-दोघी घेतातही.